चार सुती भोकात बारा एमएमचा बोल्ट: मिलिंग हेडच्या गेलेल्या आट्यांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव एमआयडीसीतलं एक लहान टूलरूम. दोन लेथ, एक सरफेस ग्राइंडर, एक जुनं टरेट मिलिंग (फिरत्या कटरने धातू कापणारं मशीन) आणि माणसं मोजकीच. काम मुख्यतः ठिबकच्या सामानाच्या मोल्डचं: टी, एल्बो, जॉइनर, एंड कॅप. खान्देशात बागायती कापूस पावसाची वाट पाहत नाही. मे महिन्यातच ठिबकवर लागवड सुरू होते, आणि जूनपासून केळीची मृगबाग लागते. म्हणून एप्रिलमध्ये प्लास्टिकवाल्यांना मोल्ड कालच हवा असतो. हे प्रकरण त्याच एप्रिलमधलं आहे.

१९३८ साली अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावात ज्या घाटाचं टरेट मिलिंग बाजारात आलं, त्याच घाटाचं हे देशी मशीन. आपल्या शेडमध्ये याला सगळे एम१टीआर म्हणतात. वर पुढे-मागे सरकणारा रॅम, रॅमच्या टोकाला नकल नावाचा सांधा, नकलच्या तोंडावर कटर फिरवणारं हेड. तिरपा कट घ्यायचा असला की चार बोल्ट सैल करून हेड फिरवायचं आणि परत आवळायचं. मूळ घाटात हे चारही टी-बोल्ट गोल टी-स्लॉटमध्ये फिरतात. तिथे आटे गेले तर नट-बोल्ट बदलला की काम झालं. या मशीनच्या कारागिराने मात्र सोपा रस्ता धरला होता. हेडच्या फ्लँजला, म्हणजे बोल्ट लागतात त्या रुंद कडेला, कमानीसारखे चार स्लॉट पाडले होते आणि नकलच्या बीडात (ओतीव लोखंडात) सरळ चार भोकं टॅप केली होती, म्हणजे त्यांना आतून आटे पाडले होते. हेड दोन्ही बाजूंना तीसेक अंशच फिरतं, पण एवढ्यावर बहुतेक कामं भागतात. अडचण एकच: आटे गेले तर ते बोल्टाचे जात नाहीत, बीडाचे जातात.

मी मशीन दुरुस्तीची कामं घेतो. फोन आला तेव्हा मालकांचा पहिलाच प्रश्न होता, "भाऊ, जागेवरच काही करता येईल का?"

अडचण

ऑपरेटर मोल्डच्या ब्लॉकला १२ अंशांचा उतार काढत होता. ब्लॉक पी-२० पोलादाचा, कटर २५ मिमीचा. दुसऱ्या-तिसऱ्या पासला पृष्ठभागावर पायरी दिसायला लागली. कटरची धार गेली असेल म्हणून त्याने इन्सर्ट, म्हणजे कटरची बदलता येणारी पाती, बदलले, तरी पायरी तशीच. मग त्याने हेडला डायल (केसभर हालचालही दाखवणारं मापयंत्र) लावला आणि हाताने ढकललं, तर काटा हलला आणि परत जागेवर आला नाही.

बोल्ट सैल झाले असतील म्हणून त्याने पान्याला पाइप लावला. खालच्या उजव्या बोल्टाने आधी जोर घेतला, मग अचानक हात हलका झाला आणि बोल्ट नुसता फिरत राहिला. बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये काळी भुकटी दाबून भरली होती. बीडाचे आटे पोलादासारखे तारेत निघत नाहीत, त्यांचा चुरा होतो.

बीड अशा वेळी किती सोसतं याचा अंदाज असावा म्हणून एक हिशोब सांगतो. या घाटाच्या मशीनवर हेडचे बोल्ट ५० फूट-पाउंडांपर्यंत, म्हणजे ६८ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. एक मीटर पाइपाच्या टोकाला माणसाने ४० किलोचा जोर दिला तर बोल्टावर ३९० न्यूटन-मीटर येतात. पावणेसहा पट. मालकांनी सगळा दोष पाइपाला आणि पाइप लावणाऱ्या पोराला दिला. पोरगाही मान खाली घालून उभा होता. पण बाकीचे तीन बोल्टही त्याने त्याच पाइपाने, त्याच दिवशी आवळले होते आणि ते टिकले होते. मग हाच एक का गेला?

पहिला निर्णय: तीन बोल्टांवर काम चालवायचं का?

मालकांचं म्हणणं होतं, तीन बोल्ट धड आहेत, हलके कट घेऊन दोन दिवस काढू, दुरुस्ती रविवारी करू. हे म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं. सरळ ड्रिलिंग असतं, तर मीही कदाचित हो म्हटलं असतं. पण इथे हेड तिरपं होतं आणि कट बाजूने येत होता. हेड जागेवर धरतं ते फ्लँज आणि नकल यांच्यातलं घर्षण, आणि ते बोल्टांच्या दाबातून येतं. आतलं वर्म-गिअर हेड फिरवण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. घर्षण कमी पडलं तर सगळा धक्का वर्मच्या दातांवर जातो. शिवाय हेड सरकलं की कटर ब्लॉकमध्ये घुसणार, आणि त्या ब्लॉकवर आठवड्याचं काम आधीच झालेलं होतं.

मशीन थांबवायचं ठरलं. उरलेलं रफिंग, म्हणजे सुरुवातीची जाडी-भरडी कापणी, त्याच पट्ट्यातल्या दुसऱ्या टूलरूमला दिलं. मालकांना ते जड गेलं, कारण ते टूलरूम त्यांच्याच गिऱ्हाइकांचं काम करतं.

नेमकं झालं काय होतं

चारही बोल्ट बाहेर काढून बाकावर ओळीने ठेवले. डोक्यावरून चौघेही सारखेच. १९ चा पाना चौघांनाही बसत होता. मी आट्यांना पिच गेज लावला, म्हणजे पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ओळखायची दातेरी पानं. तीन बोल्टांना इंचाला १३ आट्यांचं पान चपखल बसलं. चौथ्याला ते बसेना. त्याला मेट्रिकचं १.७५ मिमीचं पान बसलं.

तीन बोल्ट चार सुती, म्हणजे १/२ इंच यूएनसी. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, यूएनसी हा अमेरिकी इंची आटा.) चौथा एम१२, म्हणजे १२ मिमीचा मेट्रिक. आणि भोक चार सुती.

इथे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागातल्या बहुतेक शेडमध्ये जुनी इंची मशीनं आणि नवी मेट्रिक मशीनं शेजारी शेजारी उभी असतात, आणि दोन्हींच्या बोल्टांचा डबा एकच असतो. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यात १२ मिमीचा बोल्ट सैल बसतो. आट्यांची एकमेकांत जेवढी पकड हवी, तिच्या निम्म्याच्या आसपासच मिळते. तरीही तो डगडगत नाही, कारण पिच वेगळा आहे: भोकाचा १.९५ मिमी, बोल्टाचा १.७५. तीन-चार फेऱ्या तो हाताने जातो, मग आटे एकमेकांवर चढतात आणि बोल्ट जाम होतो. आवळणाऱ्याला वाटतं, बसला घट्ट. खरं तर तो तोंडाशीच अडकलेला असतो. आणि पाना दोघांनाही एकच चालतो: १/२ इंच बोल्टाचं डोकं ३/४ इंचाचं, म्हणजे १९.०५ मिमी, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच एम१२ बोल्टांचं १९ मिमी. हाताला फरक कळायला जागाच नाही.

हा बोल्ट तिथे आला कसा, ते नंतर ऑपरेटरच्या बोलण्यातून उलगडलं. काही वर्षांपूर्वी मशीन एका शेडमधून दुसरीकडे हलवलं तेव्हा हेड उतरवलं होतं. एक बोल्ट हरवला. कुणीतरी हार्डवेअरच्या दुकानात उरलेल्यांपैकी एक बोल्ट दाखवला, दुकानदाराने डोळ्याच्या अंदाजाने तसलाच काढून दिला. तेव्हापासून ते हेड तीन बोल्टांवरच उभं होतं. पाइपाने नुकसान केलं खरं, पण भोक आधीपासूनच आजारी होतं. हे कळल्यावर मालकांचा पोरावरचा राग उतरला आणि चर्चा सरळ झाली.

पर्याय

या शेडमध्ये अधूनमधून एक आबा येतात. भुसावळच्या रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, अहिराणी मुलखातले. मी मोठं ड्रिल उचलायच्या आधीच त्यांनी हात आडवा केला. "भाऊ, पाडेल भोक परत बुजत नही. आधी मोज, मंग पाड."

मोजलं. भोक बंद तोंडाचं, २८ मिमी खोल. त्याच्या मागे वर्मची पोकळी, म्हणजे खोली वाढवायला जागा नाही. भोकाच्या मध्यापासून नकलच्या कडेपर्यंत १९ मिमी.

सगळ्यात स्वस्त उपाय होता लांब बोल्टाचा. भोकाच्या तळाशी कधी न वापरलेले आटे उरलेले असतात, हे बरेचदा खरं निघतं, म्हणून तो आधी पाहिला. एम१२ तोंडाशीच अडकला होता, त्यामुळे तळाचे आटे शाबूत होते. पण शाबूत भाग जेमतेम ११ मिमी. पोलादात बोल्टाच्या व्यासाएवढी पकड पुरते, बीडात दीडपट धरावी लागते. चार सुतीला ती १९ मिमी होते. एवढ्यावर भागणार नव्हतं.

भोक मोठं करून सरळ एम१६ टॅप करायचं, तर फ्लँजचा स्लॉट १४ मिमीचा. पायरीचा, म्हणजे खाली जाड आणि वर बारीक, स्टड (डोकं नसलेला आटेदार दांडा) करावा लागला असता. वेल्डिंग कुणीतरी सुचवलंच, ते दर वेळी सुचतं. बीडाला निकेल रॉडने वेल्ड करता येतं, पण आधी तापवणं आणि हळूहळू थंड करणं नीट झालं नाही तर बाजूला तडा जातो, आणि इथे शेजारीच हेडचं घासून तयार केलेलं तोंड आहे. मी ते ऐकूनही घेतलं नाही. धातूची पुटी भरून टॅप करण्याबद्दलही तेच. झाकणाच्या स्क्रूला ती ठीक आहे, हेडला नाही.

खरी निवड उरली ती दोनांत.

पहिला पर्याय हेलीकॉइलचा, म्हणजे तारेचा आटा घालायचा. एम१२ चं हेलीकॉइल किट जळगावात त्याच दिवशी मिळत होतं. गंमत म्हणजे मापही सुंदर जुळत होतं. त्याला १२.५ मिमीचं ड्रिल लागतं, जुन्या आट्यांचा बाहेरचा व्यास १२.७, आणि हेलीकॉइलचा टॅप १४ मिमीच्या थोडा पुढे जातो. जुने आटे जवळपास पुसले जाऊन नवे पूर्ण निघाले असते. तासाभराचं काम. मालकांचा कल अर्थातच इकडे.

माझी हरकत एकच होती. हे केलं तर एका तोंडावर तीन भोकं इंची आणि एक मेट्रिक राहणार. ज्या गोंधळातून भोक गेलं तोच गोंधळ आपण पक्का करणार. पुढच्या वेळी हेड उतरलं की एम१२ बोल्ट पुन्हा चार सुती भोकात जाणार. त्यापेक्षा चारही भोकं एम१२ करायची, तर तीन धड भोकांवर ड्रिल चालवायचं, आणि आबांनी ते होऊ दिलं नसतं.

दुसरा पर्याय पोलादी बुशचा. भोक मोठं करून त्यात बाहेरून एम२०, १.५ पिच आणि आतून १/२ यूएनसी असलेला बुश घट्ट बसवायचा. म्हणजे मूळ आटा परत येतो आणि पोलादाचा येतो. कडेला ९ मिमी बीड उरतं. मला ते पुरेसं वाटलं. कडेचं अंतर १५-१६ असतं तर मी बुशचं नाव काढलं नसतं. बुश लेथवर घरीच होतो. एम२० बाय १.५ चा टॅप कुठून आणायचा, हा प्रश्न मालकांना पडला होता. तो इलेक्ट्रिक पॅनेलवाल्याकडे मिळाला, कारण केबल ग्लँडचा आटा नेमका तोच असतो.

अडलं ते आतल्या टॅपवर. जळगावात चार सुती टॅप हवे तेवढे होते, पण सगळे विटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची आट्याचे. आणि इथे एक फसवी गोष्ट आहे. दोन सूत, तीन सूत, पाच सूत, सहा सूत या मापांत विटवर्थ आणि यूएनसी यांचे इंचाला आटे सारखेच आहेत. कोन ५५ आणि ६० अंश असा वेगळा असला तरी बोल्ट एकमेकांत चालून जातात. चार सुतात मात्र विटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३. बाकी मापांत चालवून घेण्याची सवय लागलेला माणूस नेमका इथे फसतो. यूएनसीचा टॅप मुंबईच्या नागदेवीतून मागवला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पार्सल सकाळी जळगावात.

काम

टेबल वर घेऊन त्यावर सागाचे ठोकळे लावले आणि हेडचं वजन त्यांच्यावर घेतलं. वरून चेन ब्लॉकचा पट्टा सुरक्षेपुरता. मग तपासणीनंतर परत लावलेले बोल्ट काढून रॅम मागे घेतला, म्हणजे हेड उचलावं न लागता जागेवरच सुटलं. नकल काढून ज्या टूलरूमला रफिंग दिलं होतं, तिथेच नेली. त्यांच्या मिलिंगवर नकलचं तोंड डायलने समतल केलं, भोकाच्या तोंडात शंकू टेकवून मध्य धरला आणि स्लाइड लॉक केल्या. जुन्या भोकात थेट ड्रिल घातलं की ते भोकाच्या वाकड्या भागामागे जातं, म्हणून आधी १८ चं एंड मिल (सपाट तोंडाचा कटर) सरळ खाली उतरवलं आणि मग १८.५ चं ड्रिल. डेप्थ स्टॉप २५ वर. टॅपची सुरुवातही स्पिंडलमध्ये धरून हाताने केली, म्हणजे तो काटकोनात जातो. पहिला, दुसरा, तिसरा, तिन्ही टॅप कोरडेच. बीडात ग्रॅफाइट असतं, तेल घातलं तर भुकटीचा चिखल होतो. भुकटी हवेने उडवायची नाही, ओढून घ्यायची. उडवलेली वर्ममध्ये जाऊन बसते.

बुश ईएन-८ पोलादाचा. लांबी अशी की बसल्यावर त्याचं तोंड नकलच्या तोंडापेक्षा अर्धा मिमी खाली राहील. हा अर्धा मिमी महत्त्वाचा. बुश तोंडाबरोबर ठेवला आणि आवळताना केसभर वर आला, तर फ्लँज त्याच्यावर टेकते, हेड एका कोपऱ्यात उचललं जातं आणि माणूस दिवसभर डायल लावत बसतो.

जुन्या बीडात तेल मुरलेलं असतं. थिनरने पुसून झाल्यावर हॉट-एअर गनने गरम केलं, तर भोकाच्या भिंतीवर तेलाचे बारीक थेंब घामासारखे फुटून आले. पुसलं, पुन्हा तापवलं, पुन्हा पुसलं. पुसलेलं फडकं कोरडं निघेपर्यंत हे चालू ठेवलं. थ्रेड लॉकर तेलावर धरत नाही. मग लाल, कायमचं धरणारं थ्रेड लॉकर लावून बुश आत बसवला आणि पूर्ण २४ तास हात लावला नाही. एप्रिलच्या जळगावात ते लवकर वाळलं असेलही, पण तपासत बसायची ती जागा नव्हती.

तोवर दुसरा निर्णय झाला. चारही जागी बोल्टऐवजी स्टड आणि नट. हेड तिरपं करताना दर वेळी बोल्ट बीडातच फिरतो आणि बीड झिजतं. स्टड एकदा बसला की फिरतो तो बाहेरचा नट.

स्टड लावायच्या आधी बुशची परीक्षा घेतली. त्यावर भोकाची जाड पट्टी ठेवून बोल्ट ८० न्यूटन-मीटरला आवळला, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त, आणि भोकातून डायलची सुई बुशच्या तोंडावर टेकवून ठेवली होती. काटा हलला नाही. हलला असता तर आणखी मोठं भोक पाडण्याची वेळ आली असती, आणि तेवढी जागा नव्हती.

निकाल

हेड चढवून नट समोरासमोरच्या जोडीने, आधी निम्म्या आणि मग पूर्ण टॉर्कला आवळले. टॉर्क रेंच शेजारच्या गॅरेजमधून आणला. डायल स्पिंडलला लावून २०० मिमी व्यासावर फिरवला. शेवटी फरक ०.०२ मिमीच्या आत आला. १२ अंशांचा उतार पुन्हा घेतला, पायरी नाही. आठवड्याने नट तपासले, जागेवर होते.

मोल्ड मात्र उशिराच गेला. गिऱ्हाइकाने कुरकूर केली, पण काम परत नेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वाद घालण्यासारखा मुद्दा हेलीकॉइलचाच आहे. नागदेवीतून यूएनसीचा टॅप येऊ शकतो, तर त्याच पार्सलमधून १/२ यूएनसीचं हेलीकॉइल किटही येऊ शकलं असतं. मग १८.५ ऐवजी १३.५ च्या आसपासचं ड्रिल पुरलं असतं, मूळ माप टिकलं असतं आणि कडेला बीड जास्त उरलं असतं. शेजारच्या धड भोकांना मार्गदर्शक पट्टी बोल्ट करून ते नकल न काढताही झालं असतं. वेळ निम्मा लागला असता. "हेलीकॉइल म्हणजे एम१२, कारण दुकानात तेच आहे" असं धरून आम्ही सगळेच बोलत होतो. बुश आजही मला जास्त भक्कम वाटतो, पण पुढे असं काम आलं आणि बोल्ट वारंवार फिरणार नसेल, म्हणजे स्टडच असेल, तर मी आधी किट मागवीन.

दुसरं, पिच गेज पहिल्या दिवशी सकाळीच लागायला हवा होता. अर्धा दिवस पाइप कुणी लावला यात गेला.

तिसरं अजून बाकी आहे. वरच्या डाव्या भोकाचे पहिले दोन आटे ओढले गेलेत. निळा रंग लावून पाहिलं तेव्हा तोंडाची कड उठलेली दिसली. काउंटरसिंकने ती मोडली, आणि खालचे आटे चांगले असल्याने तिथे स्टड खोलवर बसवला. सध्या तो धरतोय. नकल पुढच्या वेळी कोणत्याही कारणाने उतरली, तर त्या भोकालाही बुश किंवा हेलीकॉइल करून घ्यायचं मालकांशी ठरलं आहे. रॅम आणि टरेटचे (रॅम ज्यावर फिरतो त्या भागाचे) बोल्ट कुठल्या मापाचे आहेत ते दिवाळीच्या साफसफाईत काढून पाहायचे. मशीन हलवलं तेव्हा तेही उघडले होते.